ट्रॉलीचा दोर आणि हिमनदी

आमच्या माणसांत कुणाचं लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे येतो. मी वर्तमानपत्रात काम करते, म्हणजे शुद्धलेखन चुकणार नाही, एवढाच त्यामागचा विचार. काकूंच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही आला. मजकूर नेहमीचाच होता. फक्त वराच्या वडिलांच्या नावाआधी जागा मोकळी सोडली होती. तिथं ‘श्री.’ लिहायचं की ‘कै.’, हे काकू नंतर सांगणार होत्या.

काकू आमच्या नात्यातल्या नाहीत. त्यांचे यजमान आणि माझे वडील एका पलटणीत होते. वडील कोरेगाव तालुक्यातले, काका कडेगावकडचे. दोघांची बदली उत्तरेतल्या एका हिमनदीवरच्या चौकीवर झाली आणि तिथून एकटे वडील परत आले. काकांचं शरीर सापडलं नाही. लष्कराने त्यांना मृत घोषित केलं, काकूंना पेन्शन सुरू झाली, गावात शाळेसमोर त्यांच्या नावाचा दगड उभा राहिला. काकूंच्या दिराने दर्भाची आकृती करून विधी उरकले. त्या दिवशी काकू घरी थांबल्या नाहीत. पाण्याची पाळी होती, त्या उसाला पाणी पाजायला शेतात गेल्या. कुंकू त्यांनी कधीच पुसलं नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांना कुणी काही दाखवलेलं नव्हतं. बर्फाच्या पलीकडे दुसऱ्या देशाचं सैन्य होतं. एखादा माणूस वाट चुकून तिकडे गेला, त्याला धरून ठेवलं, असं होऊ शकत होतं. मोठ्या मुलीच्या लग्नात दिराने वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ छापून आणलं, तेव्हा काकूंनी पत्रिकांचा गठ्ठा बांधून होता तसा छापखान्यात परत पाठवला. ते लग्न पत्रिकेशिवाय झालं. घरोघरी जाऊन नुसती अक्षत दिली आणि तेवढ्यावर माणसं आली.

आता मुलाचं लग्न होतं. तो फलटणकडे साखर कारखान्यात केमिस्ट आहे. वडील गेले तेव्हा तो रांगत होता. त्याने सगळं आईवर सोडलं. आई म्हणाली, “एकदा ती जागा बगते, मग सांगते.”

ती जागा बघणं शक्य नव्हतं. वरच्या चौक्यांवर बाहेरच्या माणसाला जाता येत नाही.

माझा भाऊ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाईंच्या एका मोठ्या फार्मवर काम करतो. त्याने वडिलांना तिथल्या एका हिमनदीचा फोटो पाठवला होता. काकू आमच्या घरी आल्या असताना तो त्यांनी पाहिला. मोबाइल हातात धरून त्या बराच वेळ बसल्या.

“भाऊजी, तिथं आसंच हाय का?”

वडील या विषयावर बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “व्हय. पन ह्ये ल्हान हाय.”

“मग मला ह्येच दावा.”

असं ठरलं. काकूंनी पेन्शनमधून स्वतःसाठी आजवर काही घेतलं नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही तिघं निघालो: वडील, काकू आणि मी.

न्यूझीलंडला उतरल्यावर विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी वडिलांची बॅग उघडली. वर स्वेटर होते. तळाशी जाड पिवळा नायलॉनचा दोर होता, पलटणीत शिकवतात तसा घट्ट वेटोळं करून. उसाने भरलेली ट्रॉली वरून आवळायला आमच्याकडे असतो, तो. त्याच्या पिळात काळी माती होती आणि वाळक्या पाचटाचा एक तुकडा अडकला होता. त्या देशात बाहेरची माती आणि पालापाचोळा येऊ देत नाहीत. दोर कशासाठी आणला, असं बाईंनी विचारलं. मी वडिलांना विचारलं.

“बर्फावर जायाचं न्हवं? दोराबिगर कोन जातं?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई दोर घेऊन आत गेल्या. काही वेळाने त्यांनी तो धुऊन, वाळवून, पारदर्शक पिशवीत घालून आणून दिला. पिवळा रंग कधी नव्हे इतका उजळ दिसत होता.

“पाचट निघालं का बगा नीट,” काकू म्हणाल्या. “न्हाईतर उगवायचा हितं ऊस.”

भाऊ बेटाच्या पूर्वेकडच्या सपाट भागात राहतो. हिमनदी पश्चिमेच्या समुद्राकडे, मधे डोंगरांची रांग. घाटात पोचेपर्यंत माण-खटावसारखं पिवळं, कोरडं गवत होतं. घाट ओलांडला आणि झाडी दाट झाली, पाऊस लागला, दगडांवर शेवाळ दिसू लागलं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जावं, तसा बदल होता. फरक असा की इथे नेचे माडाएवढे उंच होते. खाली पाहिलं की नेच्यांचं रान आणि वर पाहिलं की बर्फ, हे दोन्ही एका खिडकीतून दिसत होतं.

“ह्यो तर कोकानच हाय,” वडील म्हणाले. “बर्फ कुठनं आला वर?”

काकूंनी समुद्र एकदाच पाहिला होता, महिला मंडळाच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. त्यांच्या मनात वाळूची पुळण होती, घोड्यावर बसलेली मुलं होती, भेळेची गाडी होती. रस्ता वळला आणि जो समुद्र समोर आला त्यात यातलं काहीच नव्हतं. डोंगर सरळ पाण्यात उतरत होता. डोंगरापासून तुटलेले कडे मैलभर आत पाण्यात उभे होते आणि त्यांच्या माथ्यावरची झाडं वाऱ्याने एका अंगाला झोपली होती. लाट यायची, कड्याला लागायची, तिचा आवाज मागाहून पोचायचा. माणूस कुठेच दिसत नव्हता.

एका ठिकाणी खडक पातळ थरांचे होते, भाकऱ्यांची चवड रचून ठेवावी तसे. त्यांच्या मधल्या भोकांतून समुद्र खालून घुसत होता आणि वर फवाऱ्याने उडत होता. कठड्याशी उभं राहिलं तर पायाखालचा दगड हलका थरथरत होता. काकूंनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. मी चला म्हटलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या उभ्याच राहिल्या. त्यांचा चष्मा खाऱ्या पाण्याने पांढरा झाला होता आणि तो पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

पुढे किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे होते, राखाडी, गुळगुळीत, मुठीपासून पाट्याएवढे. लाट मागे जाताना ते एकमेकांवर घरंगळायचे आणि ट्रॉलीतून खडी ओतल्यासारखा आवाज व्हायचा. पुरात वाहून आलेली अख्खी झाडं साल सोलून पांढरी झालेली पडली होती. काकूंनी एक गोटा उचलला.

“काकू, हे दगड समुद्राचे नाहीत,” भाऊ म्हणाला. “ते वरच्या डोंगरातले आहेत. बर्फ ढकलत खाली आणतो, मग नदी आणते. समुद्र नुसता गोल करतो.”

“बर्फ दगूड आनतो?”

“घर असलं तर घर आणेल. तो थांबत नाही ना. सारखा खाली सरकत असतो.”

काकूंनी वडिलांकडे पाहिलं. वडील समुद्राकडे बघत होते. काकूंनी गोटा खाली ठेवला, फेकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश मोकळं होतं. हिमनदीकडे जाणारी वाट एका गाडीतळापासून सुरू होते. खडीची रुंद पायवाट, जागोजागी पाट्या, बाजूला बाक. माणसं हाफ पँट घालून, पाठीवर तान्ही बाळं घेऊन निघाली होती. वडिलांनी गाडीच्या डिकीतून दोर काढला.

“आण्णा, नको,” भाऊ म्हणाला. “इथं लोक चपला घालून फिरतात.”

“फिरू दे.”

“हसतील.”

“हसू दे. हसून कोन मरत न्हाई.”

“बर्फ तर लांब आहे. आपण नुसतं समोरनं बघणार आहोत.”

“कुठवर लांब हाय त्ये बर्फाला ठरवू दे.”

काकूंनी साडीवर स्वेटर घातला होता, पायांत भावाने आणलेले बूट होते. त्या वडिलांसमोर जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. “बांदा भाऊजी. बैलावानी न्या मला.”

वडिलांनी त्यांच्या कमरेला दोर बांधला. गाठ मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. ट्रॉलीला ते तशी गाठ मारत नाहीत. मग अंतर सोडून मला बांधलं, शेवटी भावाला. स्वतः पुढे. दोर ताणला जाऊ नये आणि जमिनीला लागूही नये, एवढंच अंतर ठेवून चालायचं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तसं चाललो. समोरून येणारी माणसं वाट सोडून बाजूला थांबत होती. आमच्यापैकी कुणाला दिसत नसावं, असा त्यांचा समज झाला असणार.

वाट आधी झाडीतून गेली. मग झाडी संपली आणि नदीचं पात्र लागलं. पात्र म्हणजे दोन उभ्या कड्यांमधला दगडांचा माळ, कृष्णेच्या पात्रापेक्षा रुंद, आणि त्यात नदी एका कडेने वाहत होती. पाणी दुधात राख कालवल्यासारखं. कड्यांवरून बारीक धबधबे उतरत होते. इतक्या उंचावरून की अर्ध्यातच त्यांची धूळ होत होती. दोन्ही बाजूंच्या खडकांवर आडव्या लांब रेघा ओढलेल्या होत्या. बर्फ सरकताना त्यातल्या दगडांनी त्या ओरखडल्या होत्या, असं पाटीवर लिहिलं होतं. रेघा आमच्या डोक्याच्या कितीतरी वर होत्या. म्हणजे आम्ही चालत होतो ती हवा एके काळी बर्फाने भरलेली होती.

पुढे पाट्यांवर सालं होती. त्या त्या साली बर्फ तिथपर्यंत होता. एका पाटीवर माझ्या जन्माचं साल होतं. तिथून बर्फ दिसत नव्हता.

वळण घेतल्यावर दिसला.

दोन डोंगरांच्या मधून तो खाली आला होता. पांढरा म्हणावा असा वरच्या टोकालाच होता. खाली येईल तसा निळा होत गेला होता, आणि सगळ्यात खाली माती आणि दगड पोटात घेतलेला, मळका, करडा. त्याच्या सगळ्या अंगावर आडव्या भेगा होत्या. उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं तसा तो दिसत होता, फक्त इथं भेगांच्या आत निळं होतं. तो वाहताना कुणी थांबवला असावा, असं वाटत होतं. पुढच्या तोंडाखालून नदी बाहेर पडत होती. म्हणजे वाटेत पाहिलेली नदी इथून सुरू होत होती. समोर एवढं मोठं काही असूनही कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कठड्याशी उभी असलेली परकी माणसंही कुजबुजत होती.

काकूंनी हात वर केला. “ती माशी कसली, एवढ्या गारठ्यात?”

बर्फाच्या मधोमध एक काळा ठिपका सरकत होता.

“माशी नाही काकू,” भाऊ म्हणाला. “हेलिकॉप्टर आहे.”

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. ठिपका बर्फाच्या एका भेगेसमोरून गेला. भेग त्याच्यापेक्षा किती मोठी होती ते आम्हाला तेव्हा कळलं. काकूंचा हात दोरावर गेला आणि तिथंच राहिला.

“भाऊजी, ह्ये ल्हान म्हनलासा तुमी.”

“व्हय.”

“मग तुमचं केवढं?”

वडिलांनी विचार केला. “माज्या गावापास्नं तुमच्या गावापत्तोर धरा. मदी रान न्हाई, वस्ती न्हाई, झाड न्हाई. सगळं ह्येच.”

कोरेगावहून कडेगावला काकू एसटीने अनेकदा आल्या-गेल्या होत्या. तो रस्ता, त्यावरची गावं, रहिमतपूरचा थांबा, उसाचे फड, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या आता ते एकेक करून पुसत असाव्यात. पलीकडे कुणी काकांना धरून ठेवलं असेल, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते. त्या क्षणानंतर ते मी कधी ऐकलं नाही.

वरून एक आवाज आला, कोरड्या लाकडात पाचर ठोकल्यासारखा. कुठे काय तुटलं ते दिसलं नाही. आवाज मात्र दरीत फिरून परत आला. वडिलांनी नकळत दोर हातावर गुंडाळून घेतला.

“कसं झालं, सांगा आता,” काकू म्हणाल्या.

“कागदावर लिवलेलं हाय की. गस्तीवर आसताना.”

“कागद मी वाचलाय. तुमी सांगा.”

वडील बर्फाकडे बघत बोलले. “गस्तीवर न्हवतो आमी. गस्त आटपून आलो हुतो. दोर सोडला, तंबूत आलो. तिथं पानी नसतंय वैनी. बर्फ आनायचा, स्टोवर ठेवायचा, मग पानी. त्यो म्हनला, च्या टाकतो. डबा घेतला आन् भाईर गेला. तंबूच्या दारापास्नं हाकंच्या अंतरावर. रोज जायचो आमी तिथं. रोज. डबा भरून आनायला दोर कोन लावतंय?”

“मग?”

“मग डबा हुता वर. त्यो न्हवता.”

भावाने तोंड फिरवलं. मी काही लिहून घेत नव्हते, तरी प्रत्येक शब्द लक्षात राहिला.

“आमी भेगंत दोर सोडला खाली, जेवढा हुता तेवढा. मी उतरलो. तळ लागला न्हाई. सायेब म्हनले, च्याचं कशाला लिवायचं. गस्त लिवू. मला बी त्येच बरं वाटलं. गावात दगूड बसवनार, लोकं फुलं वाहनार. त्यावर च्या कसा लिवायचा.”

काकू म्हणाल्या, “च्या लय लागायचा त्येनला. बशीत वतून, फुर्रर्र करून. सासूबाई म्हनायच्या, ह्यो मेला तर च्यापायी मरंल.”

वडिलांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकू हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्या वडिलांना समजावल्यासारखं बोलत होत्या. “ह्येच सांगायचं हुतं की भाऊजी तवा. ह्ये मला पटलं आसतं. गस्त मला म्हाईत न्हाई. डबा घिऊन च्याच्या पान्याला गेलेला मानूस मला म्हाईत हाय.”

मग त्यांनी भावाला विचारलं, “त्यो सरकतो म्हनलास न्हवं? म्हंजे जे वर पडतं त्ये खाली येतं?”

“येतं काकू. वर्षं लागतात, पण येतं. इथं खालच्या तोंडाशी जुन्या वस्तू निघतात.”

“जशाच्या तशा?”

उत्तर वडिलांनी दिलं. “व्हय. निघत्यात मानसं. आमच्या मागनं गेलेल्या पोरांना घावलीत जुनी. जशी हुती तशी.”

“म्हंजे तवाच्या वयाचं.” काकू बर्फाच्या मळक्या तोंडाकडे, नदी निघत होती तिकडे, बघत होत्या. “माज्या पोरापरीस ल्हान दिसतील की.”

हेलिकॉप्टर डोंगराआड गेलं होतं. बर्फावर ढगाची सावली वरपासून खालपर्यंत सरकत आली, तेव्हा एकेक निळी भेग विझल्यासारखी झाली आणि ढग गेल्यावर परत पेटली.

“आन् तुमच्या बर्फाचं पानी कुठं जातं?” काकूंनी विचारलं. उसाला पाणी पाजणारी बाई हे विचारणारच.

“खालच्या नदीत. ती पुढं सिंधूला मिळती. सिंधू पल्याडच्या देशातनं समुद्राला.”

“कुठल्या समुद्राला?”

“आपल्याच. अरबी समुद्र त्यो.”

“गनपतीपुळ्याच्या?”

“त्योच.”

परतताना गाडीतळावर वडिलांनी सगळ्यांचा दोर सोडला. त्या दिवशी दुपारी ती राखाडी नदी समुद्राला मिळते तिथे काकूंनी गाडी थांबवायला लावली. नदीचं पाणी समुद्रात शिरून लांबवर वेगळं दिसत होतं आणि मग दिसेनासं होत होतं. काकू ती सीमा शोधत किनाऱ्याने चालत गेल्या, परत आल्या, गाडीत बसल्या.

“पोरी,” मला म्हणाल्या, “त्या पत्रिकेत कै. लिव्ह.”

मी हो म्हटलं.

“तवा दिरानं लिवलं, त्येनं काय बगितलं हुतं? आता मी बगितलंय.”

पत्रिका छापून आल्या. पहिली कुलदैवताला गेली. मग काकूंनी गणपतीपुळ्याला जायचं काढलं. वडिलांना आणि मला बरोबर घेतलं. देवळात त्यांनी एक पत्रिका ठेवली आणि बाहेर आल्यावर गर्दीच्या पुळणीकडे न जाता त्या कडेच्या खडकांकडे निघाल्या. ओहोटी होती. खडक ओले, शेवाळलेले, कालवांनी खरबरीत. काकूंच्या हातात हळदकुंकू लावलेल्या तांदळांची वाटी होती. कपाळावर कुंकू होतं. त्याबद्दल त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं आणि कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

“थांबा वैनी,” वडील मागून म्हणाले.

त्यांनी पिशवीतून पिवळा दोर काढला. उसाचा हंगाम चालू होता, त्यामुळे दोर पुन्हा काळा झाला होता. काकूंनी वाटी माझ्याकडे दिली आणि हात वर केले. वडिलांनी गाठ मारली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि खडकात पाय रोवून बसले. पुळणीवरची माणसं बघू लागली.

काकू शेवटच्या खडकावर गेल्या. वाकून त्यांनी चिमूटभर अक्षत पाण्यावर सोडली, आणि घरोघरी जाऊन सांगतात तसंच, तेवढ्याच आवाजात, तारीख, वार आणि गाव सांगितलं.

“येळेवर या,” त्या म्हणाल्या. लाट आली, त्यांचा पदर भिजला, वडिलांच्या हातातला दोर थोडा ताणला गेला आणि परत सैल झाला.